महाराजांच्या पायाचा रंग का उडाला?

सर्वप्रथम एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि दहावीला मला 'लोअर' मराठी होतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही नम्र विनंती! मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत दे" असं फर्मान काढलं. टेक्निकल म्हटल्यावर सगळे रोबोटिक्सवर लिहिणार. मी मात्र लिहिणार आहे दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांबद्दल. हसू नका! या मावळ्यांनी मला जेवढं मटेरियल सायन्स शिकवलं तेवढं चार युनिट टेस्टनीसुद्धा शिकवलं नाही.

आम्ही मुलुंडला राहतो. आमच्या सोसायटीत दरवर्षी बच्चेकंपनी किल्ला करते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हापासून तर उत्साहाला नुसतं उधाण आलंय. गेल्या दिवाळीत प्रतापगड करायचा ठरला. सिंहासनावरचे महाराज, दोन तोफा आणि अकरा मावळे माझ्या घरून गेले. हा सेट साधा नाही. तो माझ्या आजोबांनी बाबांसाठी, बाबा शाळेत असताना, साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून बनवला आणि स्वतःच्या हाताने रंगवला. आजोबा आता नाहीत. एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून हे सैन्य वर्षभर माळ्यावर असतं.

आता मी पडले इंजिनीअर (होणारी)! मला वाटलं, एवढं जुनं काम आहे, त्याला 'प्रोटेक्शन' द्यायला हवं. म्हणून मी सगळ्यांना नळाखाली धरून टूथब्रशने स्वच्छ धुतलं, रात्रभर पंख्याखाली ठेवलं आणि सकाळी स्प्रेचा चकचकीत व्हार्निश मारला. काय सुंदर दिसत होते! वसुबारसेला सगळे गडावर चढले.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ए-विंगमधला चौथीतला छोटू धावत आला. "ताई, महाराजांचे पाय गेले!"

पाय होते, पण पायावरचा रंग गेला होता. बोटाच्या नखाएवढे पापुद्रे उचलले गेले होते, आणि त्यांच्याखाली पिठासारखी पांढरी पूड. मावळ्यांचंही तेच. सगळ्यांनी पावसाला दोष दिला, कारण आदल्या संध्याकाळी एक सर येऊन गेली होती. पण मला एक गोष्ट खटकली. पाऊस वरून पडतो, मग रंग खालून का गेला? महाराजांचा जिरेटोप तर ठणठणीत होता!

या एका प्रश्नाच्या मागे लागून मी जे शिकले ते खाली देत आहे.

रंग चिकटतो म्हणजे काय?

रंग दोन प्रकारे टिकतो. पहिला प्रकार म्हणजे 'पकड'. पृष्ठभाग खडबडीत किंवा सच्छिद्र असेल तर ओला रंग त्या खाचाखोचांत शिरतो आणि सुकल्यावर तिथे अडकून बसतो. म्हणूनच रंगाऱ्याकाका भिंतीला आधी पॉलिश पेपर मारतात. दुसरा प्रकार म्हणजे रेणूंचं एकमेकांबद्दलचं आकर्षण. त्यासाठी रंग आधी पृष्ठभागावर नीट पसरायला हवा. एक सोपा प्रयोग करा. पाण्याचा एक थेंब काचेच्या स्वच्छ ताटलीवर टाका आणि एक दुधाच्या पिशवीवर. काचेवर तो पसरेल, पिशवीवर गोळा होऊन बसेल. पिशवीचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिन, त्याची पृष्ठऊर्जा कमी असते. ज्याला पाणीसुद्धा चिकटायला तयार नाही त्याला पाण्यातला रंग काय चिकटणार? बाजारात मिळणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या सैनिकांचा रंग दोन दिवसांत का उडतो ते आता कळलं असेल. त्यात ते वाकतात, आणि त्यांच्यावर सुकलेला रंग तेवढा वाकत नाही!

मग प्रायमर म्हणजे काय? मराठीत याला छान शब्द आहे, अस्तर. फ्रॉकला जसं आतून अस्तर लावतात, तसंच. प्रायमर एका बाजूने वस्तूला धरतो आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरायला जागा देतो. शिवाय तो सच्छिद्र वस्तूची तहान भागवतो. तसं नसेल तर कोरडं प्लास्टर रंगातलं पाणी आणि त्याबरोबर चिकटवणारा भाग शोषून घेतं, आणि वर उरते नुसती रंगाची भुकटी.

ही काही साहेबाची आयडिया नाही. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीला रंग देण्याआधी पांढऱ्याचा हात देतातच. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांचंच बघा. ते गोल पत्ते करताना आधी चिंचोक्याची खळ लावून अस्तर देतात, ते घोटून गुळगुळीत करतात, मग चित्र काढतात आणि शेवटी लाखेचं संरक्षण देतात. प्रायमर, पेंट, सीलर, तिन्ही आले!

प्लास्टरच्या पोटातलं पाणी

आता महाराजांकडे वळू. एफ.ई.च्या केमिस्ट्रीत आपण हे घोकलं होतं (आणि व्हायवा झाल्यावर विसरलो होतो). प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे अर्धा रेणू पाणी असलेलं कॅल्शियम सल्फेट. त्यात पाणी घातलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं, म्हणजे दोन रेणू पाणी असलेलं कॅल्शियम सल्फेट. हिशोब केला तर १०० ग्रॅम प्लास्टरला या रासायनिक क्रियेसाठी फक्त १८.६ ग्रॅम पाणी लागतं. पण तेवढ्या पाण्यात ते साच्यात ओतता येणार नाही, म्हणून आपण ६० ते ७० ग्रॅम पाणी घालतो.

समजा ७० ग्रॅम घातलं. मग ७० वजा १८.६, म्हणजे सुमारे ५१ ग्रॅम पाणी जास्तीचं! ते हळूहळू वाफ होऊन जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या उरतात. म्हणजे प्लास्टरचा मावळा बाहेरून दगड दिसतो, पण आतून तो स्पंज असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नवीन मावळा हाताला घट्ट लागला म्हणजे तो सुकला असं नाही. अर्ध्या तासात तो 'सेट' होतो, पण सुकायला कित्येक दिवस लागतात. खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की मावळा सुकला. वरच्या उदाहरणात १७० ग्रॅमचा ओला मावळा साधारण ११९ ग्रॅमवर येऊन थांबायला हवा. घाई म्हणून ओव्हनमध्ये मात्र घालू नका, कारण तापवल्यावर जिप्सम आपलं रासायनिक पाणीसुद्धा सोडू लागतं आणि ठिसूळ होतं. पंखा आणि धीर, एवढं पुरे.

दोन, सुकलेला मावळा पुन्हा ओला केला की तो स्पंजसारखंच पाणी पितो. आणि मी काय केलं होतं? नळाखाली धरलं होतं!

पाऊस निर्दोष

आता तो खालून रंग जाण्याचा प्रश्न. किल्ला कशाचा असतो? मातीचा. त्यावर हिरवळ दिसावी म्हणून आपण अळीव आणि मोहरी पेरतो आणि रोज पाणी शिंपडतो. म्हणजे मावळा चोवीस तास ओल्या मातीत उभा असतो. त्याच्या तळाला रंग नाही, व्हार्निश नाही. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसं प्लास्टर तळातून पाणी वर ओढतं. पूर्वी हे पाणी अंगभर रंगाच्या बारीक भेगांतून हळूहळू उडून जात असेल. मी व्हार्निश मारून ते सगळे दरवाजे बंद केले आणि खालचा दरवाजा मात्र सताड उघडा ठेवला!

पुढचं सोपं आहे. जिप्सम पाण्यात थोडंसं विरघळतं, एका लिटरमध्ये साधारण २ ते २.५ ग्रॅम. मातीतले क्षारही पाण्याबरोबर येतात. पाणी रंगाच्या मागे येऊन अडतं, थोडं थोडं वाळतं आणि विरघळलेले क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. हे स्फटिक वाढताना रंगाला आतून ढकलतात. पापुद्र्याखाली जी पांढरी पूड दिसली ती हीच. पावसाळ्यानंतर आपल्या बिल्डिंगच्या भिंतींना जे पोपडे येतात त्यातही बहुतेक वेळा हाच खेळ असतो.

आणखी एक चूक होती. नवा व्हार्निश सुकताना आकसतो आणि खालच्या थराला ओढतो. जुन्या रंगाची प्लास्टरवरची पकड आधीच सैल झाली होती. साखळी नेहमी कच्च्या कडीपाशी तुटते. व्हार्निश रंगाला घट्ट धरून राहिला आणि दोघं मिळून प्लास्टर सोडून निघाले.

अजिंठ्याची गोष्ट

हे वाचताना मला कळलं की माझ्यासारखी चूक फार मोठ्या माणसांकडूनही झाली आहे. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर चुन्याचं पातळ अस्तर देऊन, कोरड्या पृष्ठभागावर काढलेली आहेत. १९२० ते १९२२ च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटू लागलेले पापुद्रे पुन्हा चिकटवले, हे काम नक्कीच मोलाचं होतं. पण चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे चपड्याचा लेपही दिला गेला. काळाच्या ओघात तो लेप पिवळा-तपकिरी पडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि आकसताना तो चित्राला ओढू लागला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप अतिशय काळजीपूर्वक काढण्यात वर्षानुवर्षं घालवावी लागली. हेतू चांगला असला तरी रसायनशास्त्र माफ करत नाही!

आजीचा व्हायवा

दिवाळीनंतर मी हे सगळं आजीला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अगं, म्हणून तर ते प्रत्येक मावळ्याखाली फरशीचा तुकडा ठेवायचे. तू ठेवला नाहीस का?"

मी गप्प! डब्याच्या तळाशी फरशीचे ते तुकडे होते. मी ते कचरा समजून टाकून दिले होते.

मग मी विचारलं, "आजी, रंगाच्या आधी आजोबा काय लावायचे?"

"चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवून. लाकडाच्या पॉलिशचा असतो ना, तोच. दोन हात मारायचे आणि दोन दिवस कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तुझ्या बाबाने एकदा लावला होता, त्याचा ठसा आहे बघ एका तोफेवर."

खरंच आहे! छोट्या तोफेच्या मागे एक लहानसा अंगठा उमटलेला आहे.

गंमत बघा, जो चपडा अजिंठ्याला चित्रांच्या वर बसून नडला, तोच आजोबांच्या मावळ्यांना रंगाच्या खाली राहून तारत होता. पदार्थ वाईट किंवा चांगला नसतो, तो कुठल्या थरात आणि कशावर आहे ते महत्त्वाचं. कोरड्या प्लास्टरची छिद्रं बुजवायला चपडा उत्तम. आजोबांना 'कॅपिलरी ॲक्शन' हा शब्द माहीत होता की नाही ते मला ठाऊक नाही, पण फरशीचा तुकडा ठेवायचं ते विसरले नाहीत.

आता कृती, स्टेप बाय स्टेप

नवीन मावळे आणाल किंवा बनवाल तर हा क्रम ठेवा.

१. सफाई. प्लॅस्टिकचा मावळा असेल तर भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर असू शकतं. प्लास्टरचा किंवा शाडूचा असेल तर पाणी नको, फक्त कोरडा ब्रश. शाडू भाजलेला नसतो, पाण्यात त्याचा पुन्हा चिखल होतो!

२. घासणे. बारीक पॉलिश पेपर, ४०० नंबरचा, हलक्या हाताने. मग धूळ पूर्ण झटका. धुळीवर लावलेला रंग धुळीलाच चिकटतो.

३. वाळवणे. वजन स्थिर होईपर्यंत.

४. अस्तर. प्लास्टरला पातळ चपडा किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पाण्यातला प्रायमर, दोन पातळ हात. शाडूवर पहिला हात अगदी कोरड्या ब्रशने. प्लॅस्टिकला मात्र 'प्लॅस्टिकसाठी' असं डब्यावर लिहिलेला प्रायमरच घ्या. आपण सगळे ज्याला फेविकॉल म्हणतो तो पांढरा डिंक पातळ करून आतून अस्तर म्हणून चालतो, पण सगळ्यात वरचा थर म्हणून नको, कारण ओल लागली की तो पुन्हा मऊ आणि दुधाळ होतो.

५. रंग. पोस्टर कलर सुकल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळतो. ॲक्रेलिक तसा विरघळत नाही, कारण पाणी उडून गेल्यावर त्यातले पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो. म्हणून शक्यतो ॲक्रेलिकच घ्या. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्या.

६. टेस्ट. हे खास आपल्या इंजिनीअर लोकांसाठी! एका फालतू तुकड्यावर तेच अस्तर आणि तोच रंग लावा. पूर्ण सुकल्यावर ब्लेडने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, म्हणजे २५ चौकोन होतात. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि ओढून काढा. किती चौकोन निघाले ते मोजा. इंडस्ट्रीत याला क्रॉस-कट टेस्ट म्हणतात आणि त्याचं आयएसओ २४०९ हे स्टँडर्ड आहे. त्यात ० म्हणजे सर्वोत्तम आणि ५ म्हणजे सर्वात वाईट. शून्य मिळाल्यावर आनंद व्हावा अशी ही बहुधा एकमेव परीक्षा! मी करून पाहिलं तेव्हा अस्तर नसलेल्या तुकड्यावरचा रंग टेपबरोबर निघून आला आणि अस्तरवाला जागचा हलला नाही.

७. व्हार्निश. चकचकीत व्हार्निश मॅटपेक्षा सहसा जास्त टणक असतो. त्यामुळे आधी चकचकीत आणि त्यावर मॅट असा हात दिला तर मजबुतीही मिळते आणि चेहरा तेलकटही दिसत नाही. सगळ्यात शेवटी तळ बंद करा, व्हार्निशचे दोन हात किंवा वितळलेलं मेण. आणि तरीही खाली फरशीचा तुकडा ठेवाच!

मुंबईकरांसाठी खास सूचना

स्प्रे व्हार्निश कधीकधी सुकल्यावर ढगाळ पांढरा दिसतो. डबा खराब आहे असं समजून दुकानदाराशी भांडू नका, बऱ्याचदा हा आपल्या हवेचा प्रताप असतो. स्प्रेमधलं द्रावण झटकन उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं, हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं तसंच. हवेचं तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू येतो सुमारे २६ अंशांवर. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम ४ अंशांनी थंड झाला की त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि व्हार्निशमध्ये अडकतं. हीच आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १८ अंशांच्या आसपास जातो, मग फारशी भीती नाही. म्हणून स्प्रे दुपारी कोरड्या वेळेला मारा, भल्या पहाटे किंवा पाऊस पडून गेल्यावर नको. साधारण २० ते २५ सेंटीमीटर लांबून, हलके हलके मारा.

अतिशय महत्त्वाचं, स्प्रे पेट घेतो! दिवाळीत पणती, उदबत्ती, फुलबाजी यांच्या आसपास तो उघडूसुद्धा नका. मोकळ्या गॅलरीत, नाकाला मास्क लावून मारा, आणि छोट्यांच्या हातात डबा देऊ नका.

शेवटी महाराजांचं काय झालं?

मी त्यांना पुन्हा रंगवलं नाही. रंगवले असते तर ते माझे महाराज झाले असते, आजोबांचे राहिले नसते. आधी महिनाभर त्यांना कोरडं होऊ दिलं, रोज वजन करून. मग जे पापुद्रे अजून लटकत होते त्यांच्या मागे अगदी बारीक ब्रशने पातळ ॲक्रेलिक माध्यम सोडलं आणि कापसाने हलकेच दाबून बसवलं. जेवढं वाचलं तेवढं वाचलं. पायाचा रंग गेला तो गेला, तिथे आता पांढरं प्लास्टर दिसतं. ते आता आजीच्या शोकेसमध्ये, काचेमागे, फरशीच्या तुकड्यावर उभे आहेत. अंगठ्याचा ठसा असलेली तोफही शेजारी आहे.

येत्या दिवाळीत किल्ल्यासाठी नवीन सेट असेल. तो मी आणि सोसायटीची बच्चेकंपनी मिळून करणार आहोत. छोटूला वजन लिहून ठेवायची ड्यूटी दिली आहे. तो आत्ताच विचारतोय, "ताई, पण रोज का मोजायचं? एकदाच मोजू ना!" मी त्याला सांगितलं, "अरे, घाई केली की महाराजांचे पाय जातात."

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल तर यंदा तो जरूर खाली काढा. पण नळाखाली धरू नका, आणि डब्यातलं काहीही कचरा समजून टाकायच्या आधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा.